पडद्याच्या कडेची मखमल

मी एक जुनी काळी मखमल आहे. आता माझी शिवण उसवली आहे, पण एके काळी सिडनीच्या कॅसल हिलमध्ये माझा भलताच थाट होता.

मित्रांनो, ते कोरोनाचे दिवस होते. पुण्याहून आलेल्या विवेकचं ऑफिस घरात आलं, तसं त्याने गॅरेजमध्ये सिनेमाचा पडदा लावला. पण प्रत्येक चित्र काही पडदाभर मावत नाही. उरलेल्या जागेवर मळकट उजेड सांडतो. तो झाकायचा कसा? भिंत काळी रंगवू, मोटरवर सरकणारे पडदे लावू, असं शंभरदा घोकून शेवटी त्याने लाकडी चौकटींवर मखमल ताणली. रुंद चित्रासाठी वर-खाली, उभट चित्रासाठी दोन्ही बाजूंना. मी उजवीकडची. उजेड गिळायचा आणि स्वतः दिसायचं नाही, एवढंच माझं काम.

"हिच्याशेजारी काहीही ठेव, कसं उठून दिसतं बघ!" विवेक बायकोला, चित्राला सांगायचा आणि मी मनात फुलायचे. मला कुणी खरकट्या हाताने शिवलं, तर त्याचा जीव वरखाली व्हायचा.

मग संक्रांत आली. त्यांची ऋता सव्वा वर्षाची, तिचं पहिलंच बोरन्हाण. चित्राची आई, लता आजी, पुण्यात अडकलेली. तिचं तिकीट रद्द झालं होतं, मोतीबिंदूचं ऑपरेशनही लांबलं होतं. नातीला तिने अजून मांडीवर घेतलं नव्हतं.

"फोनवर नुसता धुरकट गोळा दिसतो गं," ती म्हणाली. "काळ्या झबल्यात एकदा नीट दिसली असती, तर…"

फोन ठेवून चित्रा माझ्याकडे बघत राहिली.

"नो वे, चित्रा! घरात दुसरं काळं काही नाही का?"

"आहे ना, माझा टॉप आहे. पण आईला तो करडाच दिसेल. तूच म्हणतोस ना, हिच्यावर सगळं उठून दिसतं?"

विवेकने माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग त्यानेच मला चौकटीवरून सोडवलं. कात्री लागली तेव्हा वाटलं, संपलं आपलं आयुष्य. खरं सांगते, मला फार रडू आलं.

माझं झबलं झालं. केकवरच्या पांढऱ्या साखरगोळ्या फितींना चिकटवून चित्राने मुकुट, हार, बाजूबंद केले. बाहेर लख्ख ऊन असताना गॅरेजचं दार ओढलं, ऋतासमोर दिवा नि कॅमेरा लावला आणि पडद्यावर आजी आली. तिने फोन उभा धरलेला, म्हणून चित्र अरुंद. माझ्या रिकाम्या जागी मळकट उजेड पसरला, पण विवेक ऋताचा मुकुट सरळ करण्यात गुंतला होता.

आजीने डोळे बारीक केले. "हार… मुकुट… अगंबाई, हसतेय ना ती? दिसली गं, दिसली मला माझी छकुली!"

आणि तिने मूठभर चुरमुरे थेट फोनवरच उधळले. ऋता माझा घेर दोन्ही हातांनी पसरून, डुगडुगत पडद्याकडे धावली.

"मोअर!" ती ओरडली. आजीने पुन्हा मूठ भरली. घेरात एकही चुरमुरा पडत नव्हता, तरी पोर झेलतच राहिली.

मित्रांनो, मखमल मऊ ब्रशने झटका, उन्हापासून जपा. पण तुमच्यासाठी कुणाचा जीव तुटत असेल, तर ठेवणीतल्या कापडावर कात्री चालवायला कचरू नका.