पाठमोरा चोर

कुलूप उघडत नव्हतं, आणि उघडायचंही नव्हतं. बुन्लुए सरकत्या जाळीच्या दाराशी उकिडवा बसला होता. गजांमधून हात आत घालून तो तारेचा आकडा कुलपात फिरवत होता. दिव्यांच्या धगीनं शर्ट पाठीला चिकटला होता. ‘कट’ ऐकू आलं की तो वळून दिग्दर्शकाकडे बघायचा. ताम नावाचा तो दिग्दर्शक पोरसवदा होता, पण बोलायचा अदबीनं.

"पी लुए, चांगलं करताय," तो थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणायचा. "पण हसू येत नाहीये."

जाहिरात कुलपाची होती. चोर रात्रभर खटपट करतो, सकाळी मालकीण येऊन किंचाळते, एवढीच गोष्ट. बुन्लुएला चोराचं काम मिळालं होतं. एरवी तो थोनबुरीतल्या एका गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घालून मोटारसायकलवरून माणसं पोचवायचा आणि बोलावणं आलं की जाहिरातीत उभा राहायचा. कधी विम्याच्या जाहिरातीत मढं, कधी डोक्यात नारळ पडणारा वाटसरू. आदल्या दिवशी गल्लीभर सांगत फिरायचा, "बातम्या संपल्या की बघा, डावीकडून तिसरा मी." बँकॉकच्या त्या जाहिरातींवर सगळा देश हसायचा. आपल्यावरही एकदा हसावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

त्या दिवशी सगळ्यांचं जेवण त्याच्या बायकोच्या दुकानातून यायचं होतं. त्यानंच मागे लागून ते काम तिला मिळवून दिलं होतं. खरं तर आपण मधोमध उभे असलेलं तिनं बघावं, म्हणून.

त्याची बायको सायुत आली ती शूटिंगच्या घराच्या मागच्या दारानं. हातात भात आणि हिरव्या रश्श्याचं ताट. दुपार टळून गेलेली, कुणी जेवायचं नाव काढत नव्हतं. तिला जाळीपलीकडे नवरा दिसला. कॅमेरा चालू आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. ती गजांपाशी येऊन कातावून म्हणाली, "आधी जेवून घ्या. कुलूप कुठं पळून चाललंय?"

दिवा धरणारा माणूस इतका हसला की दिवा हलला. सगळेच हसले. ताम मात्र हसला नाही. तो खुर्चीतून उठला.

"मावशी," तो म्हणाला, "पुन्हा एकदा म्हणाल?"

मालकिणीच्या कामासाठी आलेल्या नटीला संध्याकाळी घरी पाठवलं. गोष्टच बदलली. आता चोर रोज येतो आणि मालकीण रोज ताट घेऊन येते. पाऊस होतो, नव्या वर्षाचा सोंक्रान सण येतो, ती मोठ्या माणसाला घालावं तसं त्याच्या खांद्यावर सुगंधी पाणी घालते. त्याचे केस पिकतात, कुलूप तसंच असतं, आणि ती तेच म्हणते.

जाहिरात पहिल्यांदा लागली तेव्हा दुकानातल्या टीव्हीसमोर अर्धी गल्ली जमली होती. बुन्लुए सगळ्यांत पुढे, केसांना पाणी लावून बसला होता. पडद्यावर जाळी आली, तिच्यामागे सायुत आली, तिचा वैतागलेला, घामेजलेला, खरा चेहरा आला. लोक हसून लोळायला लागले. बुन्लुए आपल्या चेहऱ्याची वाट बघत राहिला. जाहिरात संपली. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याची फक्त पाठ दिसली होती.

"लुए, पाठ झकास आलीय तुझी," शेजारचा मोटारसायकलवाला म्हणाला. बुन्लुएही हसला. हसावंच लागलं.

महिन्याभरात ते वाक्य शहरभर झालं. बसचा कंडक्टर घाईतल्या प्रवाशाला तेच म्हणायचा. शाळेची पोरं दुकानासमोर उभी राहून ओरडायची. देवळातल्या भिक्षूंनाही ते पाठ झालं होतं म्हणे. लोक लांबून जेवायला यायचे, सायुतच्या शेजारी उभे राहून फोटो काढायचे, आणि फोटो काढायला कॅमेरा बुन्लुएच्या हातात द्यायचे. "काका, जरा मागे सरका ना, तुमची सावली पडतेय."

सायुत बदलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. लिपस्टिक लावली असती, नखरे केले असते, तर चार लोकांत बोलायला काहीतरी मिळालं असतं. पण ती पहाटे उठून तशीच नारळ खवायची, तशीच गिऱ्हाइकांना दटावायची. जे मिळवायला त्याची उमेद खर्ची पडली होती, ते तिला भाताचं ताट आणताना मिळालं होतं, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. त्याला हेच सहन होत नव्हतं. तो तिच्या रश्श्यात खोट काढायला लागला. "खारट झालाय. हल्ली लक्ष कुठं असतं तुझं?"

ती चाखून बघायची, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं ताट वाढायला घ्यायची.

एकदा दुपारी ती बाजारात गेलेली असताना तामचा फोन आला. नवी जाहिरात होती, पंख्याची. गोष्ट मावशींना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली होती.

"आणि मी?" बुन्लुएनं विचारलं.

"या वेळी एकटी बाईच आहे, पी."

"तिला बरं नाहीये," बुन्लुए म्हणाला. "डॉक्टरांनी दिव्यांसमोर उभं राहायला मनाई केलीय. पुन्हा फोन नको करूस, तिला वाईट वाटतं."

फोन ठेवला तेव्हा त्याला हलकं वाटलं. त्या रात्री त्यानं रश्श्याला नावं ठेवली नाहीत.

चार दिवसांनी ताम स्वतः आला. हातात संत्र्यांची टोपली होती. सायुत कढईसमोर उभी राहून अंडी तळत होती. बुन्लुए ताटल्या पुसत होता. त्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"मावशी, तब्येत कशी आहे?" ताम म्हणाला. "पी म्हणाले, डॉक्टरांनी मनाई केलीय."

सायुतनं नवऱ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग तिनं अंडं उलटलं.

"होती," ती म्हणाली. "आता बरी आहे मी. काय काम होतं?"

ताम सगळं सांगून, जेवून गेला. दुकान बंद करून दोघं नळाशी भांडी घासायला बसली. बुन्लुए तिच्या बोलण्याची वाट बघत होता. तिनं आरडाओरडा केला असता तर त्यालाही काही बोलता आलं असतं.

"मला विचारलं असतंत ना," ती टोप घासत म्हणाली, "तर मीच नाही म्हटलं असतं. त्या उजेडात जीव घाबरतो माझा. दुकान कोण बघणार, तेही होतंच."

"मग नाही म्हण."

"आता नाही. आता जाणार."

त्यानं टोपावर पाणी ओतलं.

शूटिंगच्या दिवशी सकाळी गल्लीत गाडी आली. सायुतनं रस्से करून ठेवले होते. धुतलेला ब्लाउज घालून ती पायरीवर उभी राहिली. बुन्लुए दुसरीकडे बघत होता.

"पी लुए," ती म्हणाली. "दिवे लागले की डोळे मिटतात माझे. काय करायचं?"

त्याला माहीत होतं. आणि सांगायचं नव्हतं. गाडीवाल्यानं भोंगा वाजवला.

"दिवे लागायच्या आधीच मिटून घे," तो शेवटी म्हणाला. "पापण्यांतून उजेड आत येऊ दे थोडा. त्यांनी हाक दिली की मग उघड. सावकाश."

तिनं उन्हाकडे तोंड करून तिथंच एकदा करून बघितलं. डोळे उघडले, मान हलवली, आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी वळल्यावर त्यानं नारिंगी जाकीट काढून खिळ्याला अडकवलं, हात धुतले. दुपारी गिऱ्हाइकं आली. लांबून आलेली एक बाई दुकानात इकडंतिकडं बघत होती.

"टीव्हीतल्या मावशी कुठं आहेत?"

"कामाला गेलीय."

"आणि तुम्ही कोण?"

बुन्लुएनं भाताच्या टोपावरचं झाकण काढलं. वाफ तोंडावर आली.

"वांगं घालू," त्यानं विचारलं, "की मासा?"