मुराळ्याची गाडी

"मुराळी आला दारी, बैल सावलीला सोडा
उन्हाचा आला दादा, पाणी पी, बस थोडा..."

लोणी भापकरच्या घरात पहाटे जातं फिरायचं आणि त्याच्याबरोबर कुशाबाईचा आवाज फिरायचा. ओवी संपल्याशिवाय जात्यात पुढची मूठ पडायची नाही. धाकटा मोहन आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायचा आणि थोरली सारजा समोर बसून खुंट्याला हात लावायची. मुराळी म्हणजे काय, हे दोघांना तिथंच कळलं. दिवाळीला भावानं बहिणीच्या सासरी जायचं, तिच्या हातचं जेवायचं, रात्रभर मुक्काम करायचा आणि मग तिला माहेरी घेऊन यायचं. पाणी पिऊन लगेच निघाला तो मुराळी नव्हे, पोस्टमन, असं कुशाबाई म्हणायची.

पुढं कुशाबाई गेली, जातं परसात पालथं पडलं आणि मोहनचे मोहनराव झाले. बारामतीत ठिबक सिंचनाची एजन्सी, तीन चाव्यांचा जुडगा आणि दारात टाटा सुमो.

नव्वद साल उलटलं आणि बारामतीला वेळ पुरेनासा झाला. का पुरेना, हे विचारायलासुद्धा कुणाला वेळ नव्हता. माणसं हीरो होंडावर बसून सुसाट निघायची, कोंबडी चुकवत, म्हातारी चुकवत गावातल्याच भिगवण चौकात पोचायची आणि तिथं पानाच्या टपरीवर अर्धा दिवस उभी राहायची. मोहनराव तर घाईतले पाटील. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी मुद्दाम पुढं लावलेलं, मनगटावरचं त्याच्याही पुढं. जेवायचे उभ्यानं. चालता चालता अंघोळ करता येत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. घरात बिनतारी फोन आल्यापासून तर ते देवघरातही बोलत राहायचे आणि देवाला हातानंच 'थांब जरा' अशी खूण करायचे. देव बिचारा थांबायचा. त्याला दुसरीकडं कुठं जायचं होतं?

सारजाला डाळजला दिलेली. पहिली काही वर्षं मोहनराव रीतसर मुराळी म्हणून गेले. मग मुक्काम गळाला. मग जेवण गळालं. मग इंजिन चालू ठेवून कपभर चहा. पुढं चहाही गेला आणि नुसती गाडी जायला लागली, जो असेल त्या ड्रायव्हरला घेऊन. सारजा आली तरी मोहनराव घरात नसायचे. वहिनीच्या हातून साडी घेऊन ती दुसऱ्या दिवशी परत. बहीणभाऊ भेटले तर एखाद्या लग्नाच्या मांडवात, तेही अक्षता टाकता टाकता, पाठमोरे. सारजा दर वेळी म्हणायची, "जा बाबा, तुला घाई हाय." आणि ते जायचे.

शहाण्णवच्या दिवाळीत मोहनरावांनी हिशेब केला की गाडी गावात शिरते, वाड्यावस्त्यांवरून फिरते, यात फार वेळ मोडतो. त्यांनी सारजाच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. "अक्काला सांगा, भाऊबीजेला दुपारी फाट्यावर उभी राहा म्हणावं. गाडी थांबायची न्हाय." आणि यंदाच लागलेल्या म्हस्कू ड्रायव्हरला सांगितलं, "डाळज फाट्यावरनं अक्काला आण."

कुठला फाटा, ते सांगायला वेळ नव्हता. उजनी धरणाचं पाणी आलं तेव्हा जुनं डाळज उठलं आणि हायवेच्या बाजूनं एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर असं मांडून बसलं. डाळज तीन, फाटेही तीन. पण मालकाला उलट विचारणं म्हणजे वेळ घालवणं, हे म्हस्कू मालकाकडूनच शिकला होता.

भिगवण सोडल्यावर जो पहिला फाटा आला, तिथं एक बाई पिशवी घेऊन उभी होती. अंगावर ठेवणीतली साडी, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेला डबा. म्हस्कूनं कचकन ब्रेक लावला.

"भावाकडं जायचं ना?"

"व्हय."

"मग बसा की! सायेब घड्याळाकडं बघत बसल्यात."

बाई बसली. तिचं नाव भागूबाई. तिचा भाऊ नरसिंहपूरला, भीमा-नीरेच्या संगमावर. दर दिवाळीला तो निरोप धाडायचा, 'यंदा नक्की गाडी घेऊन येतो.' आणि दर भाऊबीजेला भागूबाई ऊन कलेपर्यंत फाट्यावर उभी राहून घरी परतायची. सासूला सांगायची, "गाडी बिघडली वाटंत." इतक्या वर्षांत त्या न आलेल्या गाडीचा एकेक भाग तिनं बिघडवला होता.

सुमो गर्रकन फिरून उलट निघाली.

"आवं, नरसिंपूर तिकडं ऱ्हायलं!"

टेपवर गाणं दणदणत होतं. म्हस्कू ओरडला, "शॉर्टकट हाय मावशी!"

भिगवणला गाडी बारामतीच्या रस्त्याला लागली तेव्हा भागूबाईला कळलं, ही गाडी आपली नव्हे. ती तोंड उघडणार तेवढ्यात म्हस्कूनं टेप जरा बारीक केला. "सारजाअक्का, लई येळ उन्हात हुबं ऱ्हावं लागलं का?"

असं तिला कुणी विचारलं नव्हतं. खरं बोलली असती तर त्यानं तिथंच उतरवलं असतं, आणि पुन्हा तोच फाटा, तेच बिघडलेलं इंजिन. कुठल्या तरी फाट्यावर एक सारजा उभी असेल, हे तिच्या मनात आलं. तिनं तो विचार पिशवीखाली सारला आणि म्हणाली, "न्हाय. लई न्हाय."

पुढच्या फाट्यावर बाभळीची सावली सरकेल तशी सारजा पिशवीसकट सरकत होती.

मोहनरावांच्या बंगल्यात अंजलीवहिनी नव्हत्या. त्यांचा भाऊही घाईतला, म्हणून त्याला ओवाळायला त्या पहाटेच फलटणला गेलेल्या. जाताना ओवाळणीचं ताट तयार करून, वर वर्तमानपत्र झाकून ठेवलेलं. साडीसुद्धा शेजारीच. आता फक्त एक बहीण आणि एक काडेपेटी हवी होती.

मोहनरावांची मुलं, संस्कृती आणि ऋषिराज, टीव्हीपुढं होती. सिनेमात हाणामारी रंगात आली होती. भागूबाई दारात आली तशी संस्कृती मान न वळवता म्हणाली, "आत्या, थोडी बाजूला हो ना, दिसत नाही." भागूबाई बाजूला झाली. आत्या होणं इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

फोन कानाला लावूनच मोहनराव बाहेर आले. "अक्का, उरक बाई. पुण्यावरनं कंपनीचा माणूस येऊन बसलाय."

"पाटावर बसा की दादा."

सारजा थोरली. तिनं जन्मात त्यांना दादा म्हटलं नव्हतं. पण मोहनरावांचा तो कान फोनला दिलेला होता.

"उभ्यानंच ओवाळ. हां, हॅलो, सोळा एमएमची नळी सांगितली होती मी..."

भागूबाईनं कुंकू लावलं. ते मानेत फोन धरून तिरके उभे, त्यामुळं टिळाही तिरका गेला. तिनं निरांजन पेटवलं, ताट उचललं, आणि हात फिरायला लागला तशी तिच्या गळ्यातून ओवी आपोआप निघाली, बारीक, दळताना निघते तशी. ओवीला कुठं गाव असतं!

"मुराळी आला दारी, बैल सावलीला सोडा
उन्हाचा आला दादा, पाणी पी, बस थोडा..."

मोहनरावांचा फोन हळूहळू खाली आला. आतला माणूस "हॅलो? मोहनराव?" करत राहिला. मोहनराव पाटावर बसले. बसायची सवय मोडल्यानं गुडघे कटकन वाजले.

"अक्का," ते म्हणाले, "आईचं हे."

भागूबाईचा हात थांबला.

"आई गेल्यापास्नं ऐकलं नव्हतं गं." त्यांनी मान वर करून तिच्या तोंडाकडं पाहिलं. निरांजनाच्या उजेडात, नीट, डोळे भरून पाहिलं. "किती वाळलीस गं. केसं पार पांढरी झाली. मला कसं कळलं न्हाय?"

बघूनही त्यांना कळलं नव्हतं, ही सारजा नव्हे.

"माझंच चुकलं. गाडी काय, कुणीबी धाडतंय. पुढल्या साली मीच येतो बघ. मुक्कामाला. तुझ्या हातची शेंगदाण्याची पोळी खाईन, ओट्यावर झोपंन." त्यांनी फोन बंद करून पाटाखाली ढकलला. "कंपनीचा माणूस बसंल तिकडं. डबा सोड. काय आणलंस? दोघं मिळून खाऊ. बोल की अक्का, गप का? अजून राग हाय व्हय?"

हे सगळं ऐकायला भागूबाई दरसाल त्या फाट्यावर उभी राहिली होती. शब्दन् शब्द तिला हवा तसाच होता. तिनं नुसतं 'ये बाबा' म्हटलं असतं तरी निभलं असतं; जेवून, साडी घेऊन ती संध्याकाळी परत गेली असती, आणि सासूला सांगता आलं असतं की यंदा गाडी आली. तिनं ताट खाली ठेवून डब्याच्या फडक्याची गाठ सोडायला घेतली. अर्धी सोडली आणि पुन्हा बांधली.

खिडकीबाहेर ऊन कललं होतं. ह्या वेळेला फाट्यावरची सावली रस्ता ओलांडून पलीकडं जाते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिनं ताट बाजूला सरकवलं. साडीला हात लावला नाही.

"दादा, मी तुमची अक्का न्हाय," ती म्हणाली. "तुमची अक्का आजून फाट्यावर हुबी आसंल. उठा. आता मातुर घाई करा."