साखळीतले शेवटचे दोघे

रविवारी सकाळी साडेनऊलाच मोजपट्टी अंघोळ-दाढी उरकून फोनशेजारी येऊन बसला. फोनवर दाढी दिसत नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. पण कॉलेजच्या माणसांशी गबाळ्यासारखं बसून बोलायचं नाही, हा त्याचा बाणा. मोजपट्टी हे नाव त्याला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी चिकटलं. पुढे त्याने एका यंत्रांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं तपासनिसाची नोकरी केली आणि सूतभर फरकासाठी पेट्याच्या पेट्या परत धाडल्या. नाव देणाऱ्यांना माणसं कळत होती, असंच म्हणायला हवं.

फोनच्या साखळीची कल्पना कॉलेजातल्या भोंग्याची. निवृत्त झाल्यावर स्वतःसकट वर्गातल्या अकराजणांचे नंबर त्यानेच जमवले. प्रत्येकाने दहाजणांना फोन करायचा म्हणजे जीभ झिजायची. म्हणून रविवारी दहाला भोंग्याने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटच्याने पुन्हा भोंग्याला. ऐकलेल्या बातम्या पुढे द्यायच्या, त्यात आपली एक घालायची. आपल्याला फोन आल्याशिवाय पुढे करायचा नाही. आणि कुणी गेलाच, तर त्याच्या मागच्याने पुढच्याला जोडून घ्यायचं. एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शेवटच्या कानापर्यंत पोचेतो हृदयाचं झालं होतं. भोंग्याने त्याच्या बायकोला धीर द्यायला फोन लावला, तर तो पेशंटनेच उचलला. त्यावर ही मंडळी दोन वर्षं हसत होती.

अकराचे सात झाले, सातांचे पाच. शेवटी तिघेच उरले. भोंगा मोजपट्टीला फोन करायचा, मोजपट्टी घुम्याला, घुम्या भोंग्याला. हा घुम्या चार वर्षं मोजपट्टीच्या मागच्या बाकावर बसला आणि मोजून चार वाक्यं बोलला असेल. आताही मोजपट्टी यादी वाचल्यासारख्या बातम्या सांगायचा, घुम्या 'बरं' म्हणायचा, की संपलं. मैत्री दोघांचीही भोंग्याशी होती. एकमेकांशी नुसती ओळख, तीही पंचावन्न वर्षांची.

आणि महिन्यापूर्वी भोंगा गेला.

आता भोंग्याच्या मागे घुम्या आणि पुढे मोजपट्टी. म्हणजे फोन घुम्याने करायचा. मोजपट्टीने कागदावर गोल काढून हे दोनदा तपासलं. पहिल्या रविवारी फोन आला नाही. असेल दुःखात, म्हणून त्याने सोडून दिलं. दुसऱ्या रविवारीही नाही, तिसऱ्याही नाही. "तोंडाला कुलूप आहे, ते बोटांनाही लागलं का काय?" असं तो भिंतीला म्हणाला. चार वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून भिंतीशी त्याचं बरं जमत होतं.

आपण लावावा, असं अनेकदा मनात आलं. पण नियम मोडून फोन केला आणि पलीकडून नुसतं 'बरं' आलं तर? मग साखळी संपली हे कायमचं ठरून जाईल, याची त्याला धास्ती होती. त्याला मोजपट्टी म्हणणारं जगात घुम्याशिवाय कोणी राहिलं नव्हतं. उरलेल्यांचा तो बाबा होता, काका होता, नाहीतर दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ.

अशात सोमवारी तो बाथरूममध्ये पाय घसरून पडला. वीस मिनिटं उठताच येईना. बेसिनच्या खालच्या बाजूला रंग द्यायचा राहिलाय, हे पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं. शेवटी नळाला धरून कसाबसा उभा राहिला. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, बरे आहात ना?"

"ठणठणीत."

खरं सांगितलं असतं तर ती कामधंदा टाकून धावत आली असती, आणि मग हे घर बंद करायच्या गोष्टी निघाल्या असत्या. कंबरेवरचा डाग काळानिळा झाला, मग पिवळा पडायला लागला. दाखवायला कोणी नव्हतं. बायको गेल्यानंतरची ही त्याची सगळ्यांत मोठी बातमी, आणि ती पोटात घेऊन तो सहा दिवस घरातल्या घरात फिरत होता.

आज चौथा रविवार. दहा वाजले, सव्वादहा झाले. मोजपट्टीने नियम मोडला.

पहिली घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

"घुम्या, लेका, फोन का केला नाहीस?"

"तुझा आला नाही."

"माझा कसा येईल? भोंग्याच्या जागी पाळी तुझी!"

"मला आल्याशिवाय मी कधी केलाय?" घुम्या म्हणाला. "दहापासून बसतो दर रविवारी. नाश्ता गार होतो. सून ओरडते."

चार रविवार दोघंही आपापल्या फोनशी बसून होते.

"काय बातमी?" घुम्याने विचारलं.

मोजपट्टीने सवयीने तोंड उघडलं. पण मागून काहीच आलेलं नव्हतं. भोंग्याकडून आलेलंच तर तो आजवर सांगत आला होता.

"मी सोमवारी पडलो," तो म्हणाला. "बाथरूममध्ये. वीस मिनिटं उठता येईना."

"मुलीला सांगितलंस?"

"नाही."

"बरं. हे आता पुढे कोणाला देऊ?"

"तुझ्यापुढे मीच."

"बरं. ठेव मग."

फोन बंद झाला. मोजपट्टीला संताप आला. माणूस पडलो म्हणून सांगतोय आणि हा ठोंब्या 'ठेव' म्हणतो! त्याने फोन टेबलावर आपटला, तोच तो वाजला.

"मोजपट्टी? घुम्या बोलतोय. ऐकलंस का? आपला मोजपट्टी पडला." आवाजात चेष्टेचा लवलेश नव्हता. "बाथरूममध्ये. वीस मिनिटं एकटा पडून होता. पोरीलासुद्धा सांगितलं नाही गाढवाने."



"फार लागलं का रे त्याला?" मोजपट्टीने विचारलं.

"ते बोलला नाही. पण भ्यालाय, असं वाटलं."

"हो," मोजपट्टी म्हणाला. "फार भ्यालाय."