घसा बसला होता

बायको गेल्याचं कळलं तेव्हा काचवाला एका बँकेच्या खिडकीला काच बसवत होता. पोलिसाचा फोन होता. हातातली काच त्याने नीट चौकटीत बसवली, पट्ट्या ठोकल्या आणि खाली उतरला. मग मात्र घरचा रस्ताच आठवेना.

तिला तिच्या धाकट्या भावानेच मारलं होतं. घरात त्याला बोक्या म्हणत. आजाराने त्याच्या मनात भरवलं होतं की ताईचं सोंग घेऊन दुसरीच बाई घरात शिरते. म्हणून ती आधी दाराबाहेरून हाक मारायची, "बोक्या, दूध सांडलंस का रे?" आवाज पटला की तो कडी काढायचा. त्या दिवशी तिचा घसा बसला होता. दाराला नुसतं कुलूप होतं, आतली कडी लावलेली नव्हती. हाक फुटेना, म्हणून ती आपल्या किल्लीने आत गेली.

कोर्टाने बोक्याला मनोरुग्णालयात ठेवलं. आरोप समजण्याइतकं डोकं ताळ्यावर आलं की खटला चालणार होता.

"गोळ्या लागू पडताहेत," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आपण मारली ती तोतया होती, ताई घरी आहे, हे तो सोडत नाही. मी बोलले तर मलाच तोतया ठरवतो. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल."

"आणि कळल्यावर जिवाचं बरंवाईट केलं तर?"

"तीच भीती आहे. म्हणून मी शेजारी बसेन."

भेटीच्या खोलीत बोक्या दाढी करून, भांग पाडून बसला होता. त्याला बरं झालेलं बघून काचवाला दारातच थांबला.

"काय दाजी, पार वाळलात! ताई जेवायला घालत नाही वाटतं?"

काचवाल्याने बिस्किटांचा पुडा त्याच्यापुढे सरकवला.

"ती का नाही आली?"

"घसा बसलाय तिचा," त्याच्या तोंडून निघून गेलं.

बोक्याचं हसू विरलं. "कधीपासून?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"ती बाईसुद्धा नुसते ओठ हलवत होती," बोक्या हळूच म्हणाला. "दाजी, कोण होती ती?"

काचवाला उठला आणि बाहेर आला.

तो अजूनही भेटीला जातो. बिस्किटं नेतो. बोक्या आता काही विचारत नाही, नुसता त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. बाई शेजारी बसतात. खटला थांबलेला आहे. काचवाल्याने त्याला अजून सांगितलेलं नाही.