सपाट जागेवर ठेवा

“मशीन वाकडं नाहीये, वाकडा तू आहेस!” दाजी माझ्यावर खेकसले. “तिसरं मशीन आणलंस, तेही गळतंय. दुकानात माशा मारायला ठेवलाय का तुला?”

“मग तुम्हीच बसवा ना. मी बसवलेली मशीनं बाकी सगळ्या घरांत गुमान चालतात. तुमच्याच घरात रडतात.”

“तोंड सांभाळ.”

“तुम्ही फरशी सांभाळा.”

“दोघंही गप्प बसा, बाळ ऐकतंय,” ताई सोफ्यावरून म्हणाली.

आम्ही गप्प बसलो. बाळ अजून पोटातच आहे, पण ताई ते वाक्य असं टाकते की आपलीच आपल्याला लाज वाटते.

हे मी दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये बसून लिहितोय. तोंडाने सांगायला गेलो की माझं भांडण होतं. आजवर असंच झालंय. शाळाही त्यातच सुटली. लिहिताना निदान मध्ये कुणी बोलत नाही. आणि ताईच्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी हे वाचायला हवं.

माझं काम असं: दुकानातून झाडूपोछा करणारी रोबो मशीनं लोकांच्या घरी न्यायची, बसवायची, चालवून दाखवायची. मशीन म्हणजे जाड थाळीएवढी चकती. ती घरभर फिरते, केर ओढते, फरशी पुसते आणि आपल्या स्टेशनवर परत जाते. स्टेशन म्हणजे तिचं घर. भारीतलं स्टेशन असेल तर ते चकतीच्या पोटातला केर ओढून पिशवीत भरतं, तिची फडकी धुतं, घाण पाणी वेगळ्या टाकीत घेतं. माणसाने फक्त टाकी ओतायची.

ताईला डॉक्टरांनी वाकायला बंदी केली, म्हणून दाजींनी मशीन घ्यायचं ठरवलं. आता दाजी म्हणजे दात घासायचा ब्रश घेतानाही चार ठिकाणी चौकशी करणारा माणूस. म्हणाले, “तुलना केल्याशिवाय घ्यायचं नाही.” शेठ म्हणाले, “तुझ्या बहिणीचं घर आहे, ने चालवून बघायला. ओरखडा आला तर तुझी चामडी सोलीन.”

पहिलं नेलं त्याला मी हवालदार म्हणायचो. ओढायची ताकद जबरदस्त, पण दिसेल त्याला धडक. फडकं नुसतं ओलं, तेही आपणच धुवायचं. स्टेशन फक्त केर ओढून घेणार. चकती ताईकडे त्या स्टेशनवर सरळ चढेचना. दर वेळी एका अंगाला घसरायची. दाजींनी नापास केलं.

दुसरी गोगलगाय. तिला गोल फिरणारी दोन फडकी, स्टेशन ती धुतं, पण गार पाण्याने. मग दुसऱ्या दिवशी स्टेशनला ओल्या मोज्यांचा वास. ती जाईल तिथे ओला पट्टा, म्हणून गोगलगाय. तिच्या धुवायच्या ट्रेमधून पुढच्या बाजूने पाणी सांडायला लागलं. दाजींनी पुठ्ठ्याची घडी पुढच्या पायांखाली सरकवली. थांबलं. चार दिवसांनी पुन्हा सांडलं. आणखी एक घडी.

तिसरी महाराणी. कोपऱ्यात हात लांब करून पुसते, गालिचा आला की फडकी वर उचलते, स्टेशन गरम पाण्याने धुऊन गरम हवेने वाळवतं. वास नाही, आवाज नाही. ताईला ती पहिल्या दिवशीच आवडली. फक्त ती बोलते. काही बिघडलं की गोड आवाजात सांगते. ताईच्या घरात ती एकच वाक्य बोलत होती.

“स्टेशन सपाट जागेवर ठेवा.”

भांडण चालू असतानाही तिने ते म्हटलं, आणि माझं डोकंच फिरलं. परत न्यायची गोगलगाय तिथेच होती. मी महाराणी ओढून गोगलगायीच्या शेजारी आणली, पण तोंड उलटीकडे केलं. दोन्हींच्या खालचे पुठ्ठे काढून फेकले. दोन्ही स्टेशनांना फडकी धुवायला लावली. म्हटलं, “बघा. आता बघा, कोण वाकडं आहे.”

गोगलगायीचं पाणी पुढून आलं. महाराणीचं मागून.

दोन मशीनं, दोन कंपन्या, तोंडं उलटी. आणि पाण्याच्या दोन्ही रेघा शेजारीशेजारी, शाळेच्या रांगेतून निघाल्यासारख्या, बाल्कनीच्या भिंतीकडे चालत गेल्या. भिंतीपाशी एक झाल्या.

ताईने पाय वर घेतले.

दाजी आधी हसले. “अरे, फरशीवाल्याने उतार दिला असेल. पाणी बाल्कनीत जायला.”

खरं सांगतो, मलाही ते पटलं. पटलं म्हणजे, पटवून घ्यावंसं वाटलं. पण ताई म्हणाली, “नवीन घरात आलो तेव्हा माझ्या हातून दुधाचं पातेलं सांडलं होतं. आठवतंय का तुम्हाला? इथेच. सगळं दूध जिथल्या तिथे थांबलं होतं. गोल डबकं.”

“स्टेशन सपाट जागेवर ठेवा,” महाराणी म्हणाली.

“बंद कर ती बया!” दाजी ओरडले.

मी बंद केली आणि हाताला चाळा म्हणून तिची केराची पिशवी काढली. पिशव्या मी रोजच काढतो. कुठल्याही घरातल्या घ्या, आत करड्या लोकरीसारखा केर असतो: केस, धागे, बिस्किटांचा चुरा. पिशवी फुगते पण हलकी असते. ताईची पिशवी फुगलेली नव्हती, पण पिठाच्या पुडीसारखी हाताला जड लागली. फाडून बघितली. पांढरट भुकटी आणि बारीक वाळू. ताई घरात वाळू कुठून आणेल? मी बाल्कनीच्या भिंतीपाशी गुडघे टेकून बसलो. खाली, भिंत आणि फरशी मिळतात तिथे, भुकटीची एक बारीक रांग होती. महाराणी ती रोज साफ करत होती म्हणून कुणाला दिसली नव्हती.

तेवढ्यात खालून धप्प आवाज आला. स्टेशनच्या टाकीतलं पाणी थरथरलं.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“तळमजल्यावरच्या जिमवाल्याचं काम चाललंय,” ताई म्हणाली. “त्याने शेजारचा गाळा पण घेतलाय ना.”

मी तसाच खाली गेलो. जिमचा मालक सगळ्यांचा पैलवान. माणूस वाईट नाही, मला बघितलं की दंड चाचपतो आणि म्हणतो, “काय रे काडीपेटी.” त्या दिवशीही म्हणाला. दोन गाळ्यांच्या मधली भिंत गायब होती. तिच्या जागी मोकळीच मोकळी जागा, वजनं टाकायला काळ्या चटया, आणि ताईच्या बाल्कनीच्या बरोबर खाली इकडून तिकडे नवा कोरा आरसा. आरसा सरळ बसावा म्हणून मधला खांब दोन्हीकडून तासलेला. आत लोखंड दिसत होतं, गंजलेलं, उघड्या जखमेतल्या हाडासारखं.

“हा खांब का तासलात?”

“पुढे येत होता. व्यायाम करताना माणसाला आपण अख्खे दिसायला नकोत?”

“आणि ही चीर?” आरशाला वरपासून खालपर्यंत तिरपी चीर होती.

पैलवान पहिल्यांदा चिडला. “माल खराब निघाला. बदलून मागितलाय. हा दुसरा आहे, पहिलाही असाच आपोआप तडकला.”

त्याने आरसा बदलला, आमच्या दाजींनी मशीन. मी हसलो नाही.

आता जे झालं ते माझ्यामुळे बिघडलं, ते पण लिहितो. मी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारात गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं. मी सगळं सांगितलं: पाणी, भुकटी, खांब, आरसा. ते ऐकत होते की माझ्या चपलांकडे बघत होते, कळलं नाही.

“म्हणजे तुमचा झाडू म्हणतोय की बिल्डिंग वाकडी आहे?” ते म्हणाले.

“झाडू नाही म्हणत. पाणी म्हणतंय.”

“अहो, ऐकलंत का?” त्यांनी आत बायकोला हाक मारली. “इंजिनियर साहेब आलेत. कितवीपर्यंत शिकलात साहेब?”

तिथे मी चूक केली. त्यांच्या दाराशेजारची कुंडी लाथेने उडवली. ती जिन्यावरून गडगडत गेली आणि आवाजाने चार दारं उघडली. चार दारं, म्हणजे ज्यांना सांगायला हवं तेच लोक समोर उभे होते. पण त्यांना दिसला एक लाल डोळ्यांचा पोरगा आणि जिनाभर माती. पाण्याबद्दल तिथे कोण ऐकणार?

वॉचमनला सांगून माझं आत येणं बंद करण्यात आलं. दाजींनी फोन केला. “माझी इज्जत धुळीला मिळवलीस. आता कुणी या घराकडे ढुंकून तरी बघेल का? बिल्डिंग वाकडी आहे म्हणे! असं बोलायचं असतं का चारचौघांत?”

“ताईला आईकडे पाठवा दाजी. पाया पडतो.”

“डॉक्टरांनी तिला गाडीत बसायला मनाई केलीये. आणि तू मला शिकवू नकोस.”

मग ताईने फोन घेतला, हळू आवाजात म्हणाली, “तू नीट बोलला असतास तर ऐकलं असतं रे त्यांनी.”

“तू ये ना पण. मी उचलून नेतो.”

“मला उचलायला क्रेन लागेल आता,” ती हसली. मग म्हणाली, “हे आतून घाबरलेत. रात्री उठून पुठ्ठा बघतात.”

“किती घड्या झाल्या?”

“घड्या संपल्या. आता पाट सरकवलाय.”

मी तिला एकच गोष्ट सांगितली. महाराणीचा आवाज बंद करू नकोस. ती ओरडायची थांबली तर मशीन बिघडलं असेल. ती जास्त ओरडायला लागली तर मला फोन कर, आणि चपला न शोधता खाली उतर.

आज सकाळी दुकान उघडलं तर एक काकू मशीन घेऊन उभ्या होत्या. शेठनी विचारलं, काय झालं. “गळतंय हो. पुढून पाणी येतं. पुठ्ठा लावला तरी येतं.”

मी विचारलं, “राहता कुठे?”

ताईच्या खालच्या मजल्यावर. त्याच बाजूला.

शेठ म्हणाले, “माल खराब आला असेल. बदलून दे त्यांना.” मी काकूंना म्हटलं, काकू, मशीन राहू द्या, सामान घेऊन निघा तिथून. मी हे अगदी शांतपणे म्हटलं, शपथ. तरी त्यांनी पर्स छातीशी धरली आणि शेठकडे बघितलं. शेठनी मला मागच्या खोलीत पाठवलं, डोकं थंड करायला. म्हणून लिहायला बसलो.

आत्ता दाजींचा फोन आला.

ओरडत नव्हते. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता, लहान मुलासारखा. “ऐक ना. तुझ्याकडे ती लोखंडी पट्टी असते ना, खोकी उघडायची? ती घेऊन ये. बाथरूमचं दार अडकलंय. चौकट दाबून बसलीये दारावर. ताई आत आहे. मी खांदा मारतोय, हलत नाहीये.”

मागून ताईचा आवाज आला, “घाबरू नका हो, मी बसलेय नीट.” आणि तिच्याही मागून दुसरा, गोड, न दमणारा आवाज. एक वाक्य संपलं की श्वास न घेता पुन्हा तेच.

“वॉचमनला सांगा मला सोडायला,” मी म्हटलं. “पैलवानाला वर बोलवा, दार तोडायला. आणि त्याला म्हणावं, आधी जिम रिकामी कर. सगळ्यांना खाली काढा दाजी. सेक्रेटरींना पण.”

“हो,” ते म्हणाले. दाजी मला पहिल्यांदा नुसतं हो म्हणाले.

पट्टी मिळालीये. शेठ दारात उभे राहून विचारतायत, काम सोडून कुठे निघालास. सांगत बसलो तर भांडण होईल. मला निघायला हवं.