निबंध खरा

संगीत शिकवणाऱ्या बाईंना चौदा वर्षांत शाळेत कुणी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. साठ पोरांच्या कलकलाटात नुसती भुवई उचलून शांतता करणाऱ्या बाई त्या. पण विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गाचा, संगीत कसं शिकवावं हे शिकवणाऱ्या वर्गाचा, अर्ज भरायला घेतला आणि त्याच बाई घाबरल्या. जागा बारा. अर्ज तीनशेच्या वर, आणि त्यातले निम्मे तरी बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान.

प्रमाणपत्रं जमली. मुख्याध्यापिकांनी शिफारसपत्र दिलं. शिकवतानाचं वीस मिनिटांचं चित्रणही कसंबसं झालं. घोडं अडलं ते निबंधावर. विषय होता: तुमचा फसलेला एखादा तास, आणि त्यातून तुम्ही काय शिकलात.

बाईंनी आधी एक सोयीचा निबंध लिहिला. एकदा वीज गेली, की-बोर्ड बंद पडला, मग टाळ्यांच्या ठेक्यावर मुलांनी गाणं कसं बसवलं, वगैरे. घडलेलं होतं सगळं, पण त्यात फसलं काहीच नव्हतं. उलट शेवटी बाईंचीच पाठ थोपटलेली. साप मरावा आणि काठीही मोडू नये असा निबंध. तो संपला तरी त्या उठल्या नाहीत. दुसरी फाईल उघडली आणि नवऱ्यालाही कधी न सांगितलेली गोष्ट एका बैठकीत लिहून काढली.

दोन वर्षांपूर्वीची समूहगान स्पर्धा. चार दिवस उरले होते आणि दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीचा सूर सारखा खाली घसरत होता. शिवणकाम करणाऱ्या बाईची ती मुलगी, ठेंगणी, गोल डोळ्यांची. सगळे तिला गुंडी म्हणत. बाईंनी तिला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस." गुंडीने मान डोलावली. शाळेचा पहिला नंबर आला, कप मुख्याध्यापिकांच्या कपाटावर जाऊन बसला. गुंडीने त्यानंतर गाण्याच्या तासाला तोंड उघडलं नाही, आणि पुढच्या वर्षी चित्रकला घेतली.

हे पाठवायचं नव्हतंच. मन मोकळं करायला लिहिलं होतं. फाईलला नाव काय द्यावं सुचेना, म्हणून त्यांनी लिहिलं, 'निबंध खरा'.

शेवटच्या तारखेला, रविवारी दुपारी, बाईंनी लॅपटॉप नवऱ्यापुढे सरकवला. "अहो, तुम्हीच पाठवा. माझी बोटं चुकीच्या जागी पडतील."

नवरा औषधांच्या दुकानात कामाला. डॉक्टरांचं अक्षर वाचणारा माणूस, तो कशाला चुकतोय? दहा मिनिटांत त्याने सगळं पाठवून दिलं आणि वर चहा टाकला.

"निबंध लावलात ना?" बाईंनी कप हातात घेत विचारलं.

"लावला की. दोन दिसले. एक नुसता निबंध, एक निबंध खरा. मी खरा लावला."

बाईंनी कप खाली ठेवला. "अहो, तो खरा नव्हता!"

"मग खोटा होता?"

"नाही हो! खराच होता!"

नवऱ्याला काही उमगेना. त्याने शेवटी तो निबंध उघडून वाचला, आणि वाचून झाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत राहिला. पाठवलेला अर्ज बदलता येणार नाही, असं अर्जाच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

पुढचे पाच आठवडे बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. फोन वाजला की त्या नवऱ्याला उचलायला लावायच्या. विद्यापीठाने शाळेला कळवलं तर? मुख्याध्यापिकांनी एकदा हजेरीपटाबद्दल विचारायला बोलावलं, तर बाई दारातच थांबल्या. कपाटाकडे पाहायचं धैर्य होईना. "बरं नाही का तुम्हाला?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. बाईंनी पित्तावर ढकललं.

मग पत्र आलं. तीस जणांना मुलाखतीला बोलावलं होतं, त्यात बाई होत्या. नवरा पेढे आणायला निघाला, तशी बाईंनी त्याची बाही धरली. "अहो, वाचूनच बोलावलंय त्यांनी. ते विचारणार, त्या मुलीचं पुढे काय झालं. काय सांगू? मी दोन वर्षांत विचारलंसुद्धा नाही."

"मग विचार की."

सांगणं सोपं होतं. मुलाखतीला तीन अनोळखी माणसं असणार होती. त्यांच्यापेक्षा बाईंना या एका तेरा वर्षांच्या पोरीची भीती वाटत होती.

बुधवारी शाळा सुटल्यावर त्या गेल्या. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीशी शिलाई मशीन, दोरीवर अर्धवट शिवलेले गणवेश. गुंडी जमिनीवर बसून काजं करत होती. बाईंना दारात पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिची आई मात्र हरखून गेली.

"या, या बाई! अहो, तुमचे उपकार कसे फेडू? आमच्या सात पिढ्यांत कुणी गायलं नव्हतं." तिने मशीनवरचा फोन उचलला. "हे बघा. आलेल्या प्रत्येकाला दाखवते मी." पडद्यावर स्पर्धेचं गाणं सुरू झालं. दुसऱ्या रांगेत गुंडी, सगळ्यांपेक्षा मोठं तोंड उघडून. "आवाज कसा खणखणीत लागलाय बघा पोरीचा!"

बाई क्षमा मागायला आल्या होत्या. चार वाक्यं पाठ करून आणली होती. त्यांनी गुंडीकडे पाहिलं. गुंडीने आईच्या पाठीआडून मान हलवली, इतकी हळू की जेमतेम दिसावी. नको.

"हो," बाई म्हणाल्या. "छान दिसतेय."

गुंडी त्यांना सोडायला जिन्यापर्यंत आली. दार ओढून घेतलं आणि कुजबुजली, "आईला नाही ना सांगणार? ती फोन घेऊन अख्ख्या इमारतीत फिरलीय."

"नाही सांगणार. मी तुझी माफी मागायला आले होते."

गुंडी कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिली. मग एकदम म्हणाली, "माझा आवाज खरंच वाईट आहे?"

बाईंना गोड बोलता आलं असतं. "वाईट नाही. तुझा सूर खाली लागत होता. तो कुठे लागतोय ते आधी ऐकायचं, तिथून तुझ्याबरोबर वर यायचं, हे माझं काम होतं. चार दिवस राहिले होते आणि मला कप हवा होता."

"म्हणजे आळस केलात."

"हो."

"आता ऐकता?"

जिन्यात वर-खाली कुणी नव्हतं. गुंडीने डोळे मिटले आणि नुसता 'आ' लावला. जाडसर, खालचा, थरथरता सूर. बाईंनी आपला आवाज तिथवर उतरवला. दोन्ही आवाज क्षणभर एकमेकांना घासले आणि मग एकच ऐकू येऊ लागला. बाई एक सूर वर गेल्या. गुंडी अडखळली, घसरली, पुन्हा आली. तिसऱ्या सुरावर खालच्या मजल्याचं दार उघडलं आणि दोघी चोरासारख्या गप्प झाल्या. गुंडी तोंडावर हात दाबून हसत होती.

मुलाखतीच्या दिवशी त्या तासभर आधी पोचल्या. आत लांब टेबलापलीकडे तिघे होते. मधल्या पिकल्या केसांच्या प्राध्यापिकांपुढे बाईंचाच निबंध होता, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला.

"ही मुलगी आता कुठे आहे?"

बाईंनी जिन्यातलं सांगितलं. आईच्या फोनबद्दल सांगितलं नाही.

"शाळेला माहीत आहे?"

"नाही."

"सांगणार आहात?"

बाईंनी पाणी प्यायला पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "सांगायला हवं. पण खरं सांगू? मला फार भीती वाटते. हा निबंधसुद्धा मी पाठवला नव्हता, चुकून गेला."

तिघांपैकी एक जण खोकला. प्राध्यापिकांनी काहीतरी लिहिलं. मग आठ विद्यार्थ्यांना मुलं समजून शिकवायला सांगितलं, तर बाईंनी धास्तीने गाणं इतकं उंच धरलं की दुसऱ्या ओळीला सगळ्यांचे आवाज फाटले. "चुकलं माझं. खाली घेऊ," म्हणून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, तोवर वेळ संपली. घरी येऊन त्या सरळ झोपल्या.

निकाल लागला. बारांत नाव नव्हतं. प्रतीक्षायादीत दुसऱ्या होत्या. बाईंना आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून रडल्या.

गुंडी मंगळवारी मधल्या सुट्टीत येऊ लागली. सहा आठवडे आली, पाच सूर तिच्या हाती लागले. सातव्या मंगळवारी सांगायला आली की तिची व्हॉलीबॉलच्या संघात निवड झालीय, सराव त्याच वेळी असतो. "राग नाही ना आला, बाई?" आणि उत्तराची वाट न बघता पळाली.

वर्ग सुरू व्हायच्या आठ दिवस आधी विद्यापीठाच्या कचेरीतून फोन आला. दोघांनी जागा सोडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. बाई हो म्हणाल्या, फोन ठेवला, आणि दोन वर्षांची रजा मागायला मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे निघाल्या. रजेचा अर्ज हातात होता. त्या कपामागची, गुंडीची गोष्टही आजच सांगायची असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ती कशी सुरू करायची याचा त्यांना काडीचाही पत्ता नव्हता.

"या, बसा," आतून आवाज आला.

बाई बसल्या नाहीत. "आधी थोडं ऐकून घ्या," त्या म्हणाल्या, आणि पहिलं वाक्य बोलून टाकलं.