गाडी अजून मेली नव्हती

दूर ओरान शहरात मावशी शेवटच्या घटका मोजत होती आणि इकडे अफ्लू गावात, आमच्या अंगणात, माझा थोरला भाऊ बेलकासेम इंजिनाचं झाकण उघडून बसला होता. एका व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली होती. अशी गाडी घाट चढणार नव्हती. त्यात शुक्रवार, भाड्याच्या गाड्या बंद. आई डोक्यापासून पायापर्यंत पांढरा हाइक पांघरून, मांडीवर पिशवी घेऊन दारात बसली होती. तिला बहीण जिवंत बघायची होती, एवढंच.

नमाज उरकून सगळी गल्ली मदतीला आली. मदत म्हणजे सल्ला. तो शेजारच्या हाज स्लिमानच्या कोऱ्या गाडीच्या सावलीत बसून दिला गेला. ‘ही न्या’ असं मात्र हाज म्हणेना. म्हणणं म्हणजे बेलकासेमची गाडी मेली असं चारचौघांत जाहीर करणं, आणि बेलकासेमनं मागणं म्हणजे स्वतःच तिचं मर्तिक करणं. आमच्याकडे माणसाला नावं ठेवतात. त्याच्या गाडीला नाही. मी तोंड उघडलं, तर बेलकासेमनं पान्याकडे पाहिलं. मी मिटलं.

आईनं वाळत घातलेले कपडे काढून दोरी दिली. ती प्लगच्या भोकातून आत कोंबून इंजिन हातानं फिरवलं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात दोरी गच्च बसली. आता स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडायचा नाही. डब्यातली नवी स्प्रिंग बसतच होती, तेवढ्यात ती अडकवणारं नखाएवढं लॉक उडून पुदिन्याच्या वाफ्यात गेलं. सगळी गल्ली रांगत शोधू लागली. हाजसुद्धा, इस्त्रीच्या कपड्यांनिशी.

“सापडेल, यम्मा,” तो आईला म्हणाला. “घाई सैतानाची.”

“मरणालाही असते, हाज.”

लॉक सापडलं. ऊन कलल्यावर इंजिन असं मऊ सुरू झालं, की हाजनं बेलकासेमच्या पाठीवर थाप मारली. सगळे कौतुकानं ऐकत होते, म्हणून घरातला फोन कुणाला ऐकू आला नाही. आईला आला. ती आत गेली आणि रिकाम्या हातानं बाहेर आली. पिशवी आतच राहिली.

मयतीला गाडी देण्यात कुणाचाच अपमान नसतो. सकाळी गल्लीभर गाड्या लागल्या होत्या. हाजनं दार उघडून धरलं. “यम्मा, हिच्यात बसा. एसी आहे.”

“काल बिघडला होता का?”

ती बेलकासेमच्या शेजारी बसली. घाटात म्हणाली, “छान झालीय गाडी.” त्यानं गिअर बदलला. मागून हाज आणि सगळी गल्ली आमच्याच गतीनं रखडत येत होती. पुढे गेलं असतं, तर वाईट दिसलं असतं.